रवा टोस्ट : सहाव्या आठवड्याची नोंद

मागच्या नोंदीत माझा रवा टोस्ट मधोमध लिबलिबीत राहत असल्याचे मी लिहिले होते. त्यानंतर आठ-नऊ वेळा तो करून पाहिला आणि सगळा घोळ पाण्याचा आहे, अशी आता माझी खात्री झाली आहे.

दही सरळ रव्यात कालवले की मिश्रण सैल होऊन पावात मुरते, म्हणून मी आता रात्री वाटीभर दही पंचाच्या फडक्यात बांधून फ्रीजमध्ये गाळणीवर ठेवतो. खाली गळलेले पाणी कणीक भिजवायला कामी येते. चार स्लाइससाठी 60 ग्रॅम बारीक रवा, 80 ग्रॅम चक्का आणि दोन चमचे दूध एकत्र करून दहा मिनिटे ठेवले की रवा फुगतो आणि सुरीने लिंपता येईल इतपत घट्ट होतो.

खरी फजिती भाज्यांनी केली. कांदा, टोमॅटो आणि ढोबळी मिरची चिरून, मीठ लावून मी बाजूला ठेवत असे. दहा मिनिटांनी वाडगा कलता केला तर तळाशी दोन चमचे पाणी साचलेले दिसले, आणि ते सगळे मी इमानाने पावावर ओतत आलो होतो! आता टोमॅटोचा बियांचा गर काढून टाकतो, मीठ रव्यात घालतो आणि भाज्या, कोथिंबीर, मिरची अगदी तव्याशी उभे राहिल्यावर मिसळतो. काकडी मात्र तव्यावर जाऊच नये. ती वाढताना वरून कच्चीच घालावी.

बिडाच्या तव्यावर स्लाइसची एक बाजू आधी कोरडीच शेकून त्याच बाजूवर मिश्रण लावले, तर ओल आत उतरायला वेळ लागतो. मग थेंबभर तेलावर मिश्रणाची बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर चार मिनिटे वाट पाहावी. पाणी आहे तोवर पृष्ठभाग 100 अंशांच्या आसपासच अडकून राहतो आणि खरपूस रंग यायला साधारण 140 अंश तरी लागतात, त्यामुळे घाईने उलथणे घातले की अर्धे सारण तव्यालाच चिकटते. कडा आपसूक सुटल्यावरच उलटावे. झाकण ठेवण्याचा मोह मी सोडला आहे, कारण त्यावरची वाफ थेंबाथेंबाने परत खालीच येते.

पावाविषयी थोडेसे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, आणि मी महिनाभर पौष्टिक समजून आणलेल्या तपकिरी पावाच्या यादीत पहिले नाव मैद्याचे निघाले. आता पहिले नाव गव्हाच्या पिठाचे असलेलाच पाव आणतो. लादीपाव फारच मऊ पडला.

चक्का तयार असेल तर सगळे काम वीस मिनिटांत उरकते. रविवारी अर्ध्या रव्याच्या जागी नाचणीचे पीठ घालून पाहणार आहे. ते किती दूध पिते, त्यावर प्रमाण ठरेल.