लोणार पायी: आधी उतार, मग चढ

जालन्या-संभाजीनगरकडून एका दिवसात होणाऱ्या पायी वाटांमध्ये लोणारची वाट मी सर्वांत वर ठेवतो, पण तिचं गणित आपल्या गडांच्या उलटं आहे. देवगिरीला दम ताजा असताना चढ संपतो आणि परतताना उतार असतो. लोणारला ताज्या पायांनी खाली जायचं आणि थकल्यावर वर यायचं. लोणार म्हणजे तळाशी खारं सरोवर असलेला मोठा खड्डा, त्याच्या काठापासून तळापर्यंतची उंची सुमारे 137 मीटर. देवगिरीची टेकडी याहून उंच आहे, तरी लोणारला माणसं जास्त बसकण मारतात. उतार सोपा वाटतो, खाली पाणी संपतं आणि ऊन वर येतं तेव्हाच चढ सुरू होतो. म्हणून माझा नियम असा: सोबत नेलेलं अर्धं पाणी चढासाठी राखायचं, तळाला कितीही तहान लागली तरी.

गाव बुलढाणा जिल्ह्यात, पण जालन्याहून जवळ. सिंदखेडराजा, दुसरबीड, बिबी असा रस्ता धरला की अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास पडतं. परतूर-मंठ्याकडच्या लोकांना तळणीवरून जाणं सोयीचं. एसटीने जायचं तर थेट गाडीच्या भरवशावर राहू नये. मधे बदलावी लागेल असं धरूनच पहाटे निघावं आणि उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारून घ्यावी. ती वेळ कळली की खाली किती वेळ थांबायचं ते आपोआप ठरतं.

उतरायला मी धारेची वाट घेतो. गोमुखातून बारमाही पाणी पडतं ती जागा म्हणजे धार. तिथून पायऱ्या आणि पुढे दगडी पायवाट रानातून सरोवराकडे जाते. उतरायला अर्धा-पाऊण तास, चढायला तास. सरोवराचा व्यास साधारण 1.2 किलोमीटर, म्हणजे पाण्याच्या कडेने पूर्ण फेरी चार किलोमीटरच्या जवळ जाते. थांबत, देवळं बघत अडीच तास धरा. वरच्या कडेचा व्यास 1.8 किलोमीटरच्या आसपास असल्याने वरून फेरी मारली तर सहा किलोमीटरच्या जवळ भरते. एका दिवसात दोन्ही होतं, पण फक्त थंडीत.

परिसर अभयारण्य आहे. दारावर नोंद करून, पावती घेऊन आत जायचं. दगड उचलायचा नाही, प्लास्टिक टाकायचं नाही. वाटेची खात्री नसेल तर स्थानिक गाइड घ्या. पाण्याच्या काठावर वेड्या बाभळीची दाटी आहे आणि त्यात गुरावासरांच्या फसव्या पायवाटा फुटलेल्या असतात.

त्या बाभळीमुळेच बुटांचा तळ जाड हवा. तिचा काटा चप्पल आणि हलक्या स्पोर्ट बुटांतून सरळ आत जातो. चामड्याचे चांगले बूटही आणू नका, खारा चिखल चामड्याला कडक करतो. जाड रबरी तळाचे जुने बूट सगळ्यांत बरे. हातात काठी असावी, वाळलेल्या सागाच्या पानांवर उतरताना पाय सटकतो तिथे ती कामाला येते.

पाणी थंडीत माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात चार. खायला धपाटे आणि लसणाची चटणी. दही नको, उन्हात फुटतं. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवली की वानरं ओढतात, सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये हवं. डोक्याला टोपीपेक्षा सुती उपरणं बरं, ओलं करून बांधता येतं.

आता ऋतूंकडे. या सरोवराला बाहेर जायला वाट नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी आत येतं आणि फक्त वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. म्हणून पाणी इतकं अल्कधर्मी की सामू (pH) साडेनऊ-दहाच्या घरात असतो. पाऊस पडला की ते पातळ होतं, उन्हाळ्यात घट्ट. काठ, वास, रंग, चालायची जागा, सगळं या एका गोष्टीवर हलतं.

जून संपून पाऊस लागला की वाट हिरवी होते आणि अवघडही. काळ्या बसाल्टवर शेवाळ धरतं, धारेच्या पायऱ्या सगळ्यांत निसरड्या. काळी माती बुटाला थापून बसते आणि तळाची पकड नाहीशी होते, दर शंभर पावलांवर काठीने ती खरवडावी लागते. पाणी वाढलं की काठची पायवाट बुडते आणि पलीकडच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत कोरड्या पायांनी पोचता येत नाही. अलीकडच्या काही वर्षांत पाणी बरंच चढलेलं असल्याने निघण्याआधी गावात चौकशी करणं आता बाराही महिने गरजेचं. पाणी आडवं आलं तर बाभळीतून वाट काढायच्या फंदात पडू नये, आल्या वाटेने मागे फिरावं. जोराच्या सरीनंतर घळींतून दगडगोटे येतात, तेव्हा तासभर थांबलेलं बरं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कमरेला लागतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. गुळगुळीत कापडाची लांब पँट घाला, लोकरीचे मोजे टाळा. याच दिवसांत साप दिसतात, पाऊल टाकण्याआधी काठी आपटायची. नवरात्रात कमळजेला गर्दी असते. दर्शन हवं असेल तर तेव्हा जा, शांतता हवी असेल तर दसऱ्यानंतर. ऑक्टोबर हीटला हलकं समजू नये. पावसाची ओल अजून जमिनीत असते, खोलगट जागेत वारा नाही, घाम वाळतच नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. रात्रीची थंड हवा या परातीत साचते, त्यामुळे सकाळी काठावरून खाली उतरताना गारवा वाढत जातो. स्वेटर वर गाडीत ठेवून जाणारे खाली कुडकुडतात. पक्षी बघायचे असतील तर याच काळात, आणि काठाशी बसून, फिरून नव्हे. परतीच्या रस्त्याला हुरड्याचे दिवस असतात, तेवढ्यासाठी दुपारचं जेवण मी हलकं ठेवतो.

मार्चपासून पुढे उजाडताच उतरायचं आणि दहाच्या आत वर यायचं. सागाची पानं गळलेली असतात, चढावर सावली मिळत नाही. पाणी आटलं की काठावर क्षारांचा पांढरा थर दिसतो. तो वरून वाळलेला, खाली चिखल. पाय घोट्यापर्यंत जातो आणि बूट आतच राहतो. पांढऱ्या थरावर चालायचंच नाही, दगडावरून दगडावर जायचं. अंगाला पाणी लागलं तर सोबतच्या गोड्या पाण्याने लगेच धुवा, नाहीतर कातडी ओढते. डोळ्यांना तर ते हात मुळीच लावू नका. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो शेवाळ कुजून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा. वारा नसलेल्या सकाळी तो जास्त जाणवतो. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेही क्षार वाढल्यामुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण खारट पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव हेच दिलं. गुलाबी रंग बघायला म्हणून दर जूनला धावत येण्यात अर्थ नाही.

पाण्याची परीक्षा करायला कागदाला हळद चोळून न्या. थेंब पडताच तांबडी होते. हळदीला चुना लावून कुंकू करायची जी रीत आहे, तीच ही.

खाली येणारा प्रत्येक जण हा ज्वालामुखी का, असं विचारतो. प्रश्न चुकीचा नाही. सगळा खडक लाव्ह्याचाच आहे, दख्खनच्या पठाराचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि जाणकारही बराच काळ हे ज्वालामुखीचंच तोंड मानत होते. पण खड्डा त्या लाव्ह्याहून खूप नंतरचा, उल्केच्या आघाताचा. इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा धक्का बसून ही काच होते, लाव्हा निवून ती तयार होत नाही. 1973 साली हे प्रसिद्ध झालं. वयाबद्दल मात्र एकमत नाही, एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं येतात, दुसरीने 5 लाख 70 हजार. चालणाऱ्याला दिसेल असा पुरावा वरच्या कडेला आहे. पठारावर आडवे असणारे बसाल्टचे थर इथे उचलून बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. कडेची फेरी मारण्याचं माझ्या मते हेच मुख्य कारण, फोटो दुय्यम.

चढ सुरू करण्याआधी सावलीत वीस मिनिटं बसा, मीठ-साखरेचं पाणी तेव्हा प्या, चढताना नव्हे. दर दहा मिनिटांनी उभ्यानेच थांबायचं. कुणाला मळमळ झाली किंवा घाम येणं थांबलं तर तो थकवा समजू नका, ऊन लागलंय. आडवं झोपवा, मानेला-काखेला ओलं उपरणं ठेवा, गावातून मदत बोलवा, तशा माणसाला चढवू नका.

गुडघे दुखणारी मंडळी सोबत असतील तर त्यांना खाली नेऊच नका. धार आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर त्यांचं दोन तासांत आरामात होतं. गाभाऱ्यात अंधार असतो, टॉर्च ठेवा. त्यांना देवळापाशी सोडून उरलेल्यांनी उतरावं, आणि वर यायची वेळ सांगताना तीत एक तास जास्तीचा धरावा.