जेल आला नाही

अमृतमहोत्सव कमिटीचा मेसेज वहिनीच्या मोबाइलवर आला, माजी विद्यार्थ्यांनी दोन पानं मनोगत पाठवावं म्हणून, आणि वहिनी म्हणाली हे दादासाठी असणार, तो इंजिनिअर झालाय. मी म्हटलं मी पण माजी विद्यार्थीच की, उलट त्याच्यापेक्षा दोन वर्षं जास्त शाळेत बसलेय, चौथीत दोनदा आणि सहावीत दोनदा. तर आता मी बोलूलालोय आणि भाची टाइप करूलालीय. बोलताना मी गेलो, आलो असंच म्हणतो, आपल्याकडं सगळ्याच बायका तसं बोलतात, पण भाचीनं पुस्तकात बरं दिसावं म्हणून गेले, आले केलंय. तिचं ऐकलं.

मला फक्त बाईंबद्दल लिहायचंय. कुठल्या बाई ते सांगायला नको, खडूच्या डब्यात शेंगदाणे असायचे त्या. बाकीच्या गुरुजींबद्दल वाईट काय नाही. एका गुरुजींनी मला मागच्या बाकावर बसवून पाटीवर ‘ग’ गिरवायला दिला होता, तो वर्षभर ‘ग’च चालला. भाची म्हणते आत्ती हे नको, राहू दे, खरं आहे ते.

मला अक्षर दिसायचं पण त्याचं नाव आठवायचं नाही, आणि नाव आठवेपर्यंत वर्ग पुढच्या ओळीवर गेलेला. त्यात आपल्याकडं एकच भाषा असती तर बरं, मराठी, कन्नड, इंग्रजी, तीन तऱ्हेची अक्षरं, कन्नडचे तर आकडे पण वेगळे. गावात खुळी म्हणायचे. मोठी माणसं तोंडावर म्हणायची नाहीत पण पोरं कुणाचं ऐकून म्हणतात ते काय वेगळं सांगायचं. लोकांना वाटतं अशा पोरांना कळत नाही. मला उशिरा कळायचं, रात्री अंथरुणात वगैरे, पण कळायचं. बाईंनी मला गणितात चिंचोक्यांचे ढीग करायला लावले, दहा दहाचे. वर्ग पाढे म्हणायचा आणि मी ढीग करायची. कुणी हसलं तर बाई त्याला चिंचोके निवडायला बसवायच्या, लहान मोठे वेगळे, आणि त्याला ते जमायचं नाही.

आता ती गोष्ट. सातवीत होते, 1997 साल. गॅदरिंगच्या आधी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बाई मला बक्षिसाच्या वह्या आणि कंपास आणायला बेळगावला घेऊन गेल्या. (बेळगावी 2014 ला झालं, आम्ही अजून बेळगावच म्हणतो.) बाई तेव्हा आपल्या गावातच वेशीजवळच्या माडीवर भाड्यानं राहत होत्या. गणपत गल्लीत खरेदी झाली, लिंबू सोडा प्यालो, आणि स्टँडवर आल्यावर बाई म्हणाल्या, "आता मी पाहुणी. मला तुमचं गाव माहीत नाही, बस माहीत नाही. तू मला घरी ने. मी एक शब्द बोलणार नाही." मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनी पिशवी आणि पैशाचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि दोन पावलं मागं जाऊन उभ्या राहिल्या.

स्टँडवर सगळ्या पाट्या कन्नडमध्ये. मला त्यातलं एकच अक्षर येत होतं, बाईंनीच शिकवलेलं, ‘बे’, कारण आपल्या गावावरनं जाते ती बेकिनकेऱ्याची बस. एका बसवर ‘बे’ दिसला, मी चढले, बाई माझ्या मागनं चढल्या. बेळगुंदीला पण ‘बे’च असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बेळगावाला सुद्धा ‘बे’च की. बाईंना पाटी वाचता येत होती, म्हणजे त्यांना पहिल्या मिनिटापासनं माहीत होतं, हे माझ्या डोक्यात यायला बरीच वर्षं गेली.

गर्दी एवढी की कंडक्टर पुढच्या दारापाशीच तिकिटं फाडत अडकलेला. मी खिडकीला नाक लावून बसले. पाट्या वाचता येत नव्हत्या पण रस्त्याच्या खुणा पाठ होत्या, कॅम्प, मग हिंडलग्याच्या जेलची भिंत, ती दिसली की आपली वाट बरोबर. कॅम्प गेला. जेल आला नाही. थोडा वेळ थांबले, म्हटलं येईल. येईना. मागं वळून बघितलं तर बाई बाहेर बघत बसलेल्या, अगदी पाहुण्यासारख्या. मला रडायला येऊलालेलं, पण मांडीवर पिशवीत तीस कंपास खुळखुळत होते आणि त्या आवाजानं आधीच सगळे माझ्याकडं बघत होते, म्हणून रडले नाही. उभी राहून ओरडले, "कंडक्टर मामा, जेल कुठं गेला?"

सगळी बस हसली. कंडक्टर वाट काढत आला, म्हणाला, "एल्लि होगबेकव्वा?" कुठं जायचंय म्हणून, तेवढं कन्नड मला येत होतं. गावाचं नाव सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला आणि घंटी मारली. तिकिटाचं विचारल्यावर मी बाईंकडं बोट करून म्हटलं ह्या आमच्या पाहुण्या, ह्यांचं पण घ्या. गणेशपुरात उतरलो. तिथनं विचारत विचारत चाललो, पहिल्यांदा म्हशी घेऊन चाललेल्या एका आजोबांना विचारलं, मग सायकलच्या दुकानात, मग परत एकाला, कारण दुकानवाल्यानं डावीकडं सांगितलं का उजवीकडं ते मी विसरले. बाई दहा पावलं मागं. ऊन मरणाचं. शेवटी लांबनं जेलची भिंत दिसली, जेल बघून एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

पुढच्या बसला मी तीन माणसांना विचारलं, ही बेकिनकेऱ्याचीच ना, आणि मगच चढले. गावात पोचलो तेव्हा दिवे लागलेले. वेशीत उतरल्यावर बाई पहिल्यांदा बोलल्या. मला वाटलं शाबास म्हणतील. त्या म्हणाल्या, "चप्पल चावली गं मघापासनं." टाचेला हा एवढा फोड. आई दारात उभी होती, एवढा उशीर का विचारलं तर बाई म्हणाल्या माझ्यामुळं, मला रस्ता माहीत नव्हता. सोमवारी त्या रबरी स्लिपर घालून शाळेला आल्या आणि हेडमास्तर त्यांच्या पायाकडं बघत राहिले.

दहावीला मी बसले, नापास झाले, ते सोडा. अपंगत्वाचं सर्टिफिकेट फार उशिरा काढलं, दादाच्या लग्नानंतर. सरकारी दवाखान्यात मला ठोकळे लावायला दिले, आकडे उलटे म्हणायला लावले, आणि आईला विचारलं, ही आंघोळ स्वतः करते काय, पैसे मोजते काय, एकटी बाजारला जाते काय. मी म्हटलं मला विचारा की, एकटी जाते, चुकले तर जेलपासनं परत येते. त्यांना काय समजलं नाही. सौम्य बौद्धिक अक्षमता, 50 टक्के, असं लिहून दिलं. तेव्हा बुद्ध्यंक 50 ते 69 मध्ये आला की सौम्य, आणि सौम्य असलं की 50 टक्के लिहायचे म्हणे. शाळेत मला कधी 50 टक्के पडले नाहीत, ते तिथं पडले. आता पिवळ्या पट्टीचं नवीन यूडीआयडी कार्ड आहे, अपंगांचं सरकारी ओळखपत्र. पूर्वी मतिमंद म्हणायचे, 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार धरलेत त्यात आमचा एक, हे भाचीनं वाचून दाखवलं. हा आजार नाही, त्यामुळं औषध पण नाही, शिकता येतं पण सावकाश. हे आईला आधी कुणी सांगितलं असतं तर सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला एवढ्या खेपा झाल्या नसत्या. किती नारळ फोडले बिचारीनं.

चौदा वर्षं झाली मी शिनोळीकडं काजूच्या कारखान्यात आहे. 2023 च्या जूनपासनं आम्हा बायकांना कर्नाटकात बस फुकट झाली, म्हणून मी बाचीत उतरते आणि पुढं महाराष्ट्रात चालत जाते, तिकीट वाचतं. सुरुवातीला साल काढायला होते, आता निवडायला आहे. 180 नंबर म्हणजे सगळ्यात मोठा काजू, मग 210, 240, 320. नंबर म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती बसतात ते, म्हणजे नंबर वाढला की काजू बारीक, हे उलटं गणित नव्या पोरींच्या डोक्यात लवकर जात नाही. माझ्या गेलं नव्हतंच, हाताला कळतं. 240 आणि 320 शेजारी शेजारी ठेवले तर फरक बोटाच्या चिमटीत येतो, डोळ्याला नाही. अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. मालक नव्या पोरीला पहिल्यांदा माझ्या शेजारी बसवतात. पगार माझ्या खात्यात येतो, एटीएमला भाची बरोबर असते पण नंबर मीच दाबते.

लग्नाचं विचारू नका. दोन स्थळं आली होती, दोन्ही वेळा माझ्याशी कुणी बोललंच नाही.

आप्पा गेल्यावर जमिनीच्या उताऱ्यावर नावं चढवायची वेळ आली तेव्हा नात्यातलं एक माणूस म्हणालं, हिचं नाव कशाला, हिच्या सहीला काय अर्थ. दादा गप्प बसला, त्याचं मला अजून वाईट वाटतं, आता हे तो वाचेलच. बाई तेव्हा रिटायर होऊन बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ राहायला गेल्या होत्या. मी कुणाला न सांगता एकटी बसनं गेले. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, चहा पण घेतला नाही. कागद सगळे कन्नडमध्ये. त्यांनी एक एक ओळ मराठीत सांगितली आणि मला म्हणाल्या, काय कळलं ते तू सांग. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर सांगितलं. मग त्या माणसाकडं बघून म्हणाल्या, वारसा हिला तुमच्यासारखाच आहे, कायद्यात लिहिलंय, आणि तिला कळलंय ते तुम्ही आत्ता ऐकलंत. सही मी पूर्ण नावाची केली. आडनावात ‘ग’ आहे, तो सगळ्यात चांगला आला, गुरुजींना तेवढं श्रेय देते.

परवा शाळेवरनं गेले. कौलं जाऊन स्लॅब झालाय, आंबा तोडलाय, ज्याच्याखाली आपला वर्ग भरायचा, आणि सकाळी गावात इंग्लिश मीडियमच्या तीन पिवळ्या गाड्या येतात. आपल्या शाळेच्या तिसरीत पोरं किती ते मी खिडकीतनं मोजलं, एक ढीग झाला आणि वर एक. अकरा. कमिटीनं भाषणं कमी ठेवून त्याचं काहीतरी बघावं.

501 ची पावती मी फाडलीय. प्रसादाच्या शिऱ्याला दोन किलो पाकळी देते, अख्खा काजू शिऱ्यात घालायची गरज नसते. स्मरणिकेत माझ्या नावाआधी ‘कुमारी’ घालू नका, चाळिशी उलटलीय. बाईंचे गुडघे गेलेत, स्टेजच्या पायऱ्या ठेंगण्या करा आणि खुर्ची हात असलेली ठेवा. त्यांना आणायला गाडी पाठवणार असाल तर दुसऱ्या गेटच्या आतलं घर ड्रायव्हरला सापडणार नाही, मी बरोबर येते. फोन दादाला नको, मला करा.