बसायची सोय

रविवारी दुपारी जेवणं झाली की आमची गल्ली गपगार होते. तांबडा-पांढरा ओरपून माणसं आडवी पडतात, कुत्री रिक्षाखाली शिरतात. अशा वेळी मी अंगणात उकिडवा बसून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका कापत होतो.

पत्रिकेचा कागद ताठ असतो, म्हणून. मोटरसायकलच्या चेसीला, म्हणजे सांगाड्याला, मागं नवा पाईप जोडायचा होता. कागद त्या पाईपाच्या टोकाभोवती गुंडाळायचा, त्यावर लाटेसारखी रेघ काढायची आणि त्या रेघेवर कापायचा. मग परत पाईपावर चिकटवून कागदाच्या बाहेर राहिलेलं लोखंड गोल कानशीनं घासून काढायचं. तासाभरानं पाईपाला एक अर्धगोल तोंड येतं आणि ते आडव्या पाईपावर नेमकं बसतं. नेमकं म्हणजे, जोड उजेडाकडं धरला तर फटीतून ऊन दिसता कामा नये. ही माझी खोड आहे. त्या फटीत शेवटी वेल्डिंगचं लोखंडच भरणार असतं, आणि केसभर फटीनं काही बिघडत नाही. पण मला ती दिसते, आणि रात्री अंथरुणावर पडलं की जास्तच दिसते.

दोन्ही टोकांना तोंड काढायचं असलं तर विचारूच नका. एक तोंड इकडं आणि दुसरं जरासं तिकडं वळलं, की पिळलेल्या उसासारखा तो तुकडा वाया. माझे दोन गेले. पत्रिकेतल्या वधू-वरांचं तरी नीट चाललं असेल अशी आशा आहे.

"गाडीची शेपूट कापलीसा व्हय?" समोरच्या गॅलरीतून काकांनी विचारलं. त्यांना दुपारी झोप येत नाही.

"कुजली होती काका."

"मग भंगारात घालायची की."

काका मूळचे कोल्हापूरचे नाहीत, म्हणून सोडून दिलं. गाडी यामाहाची आरएक्स हंड्रेड आहे. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती निघाली, आणि त्यातली माझी १९९३ची, एमएच ०९. या गाडीला भंगार म्हणणारा माणूस आमच्या पेठेत संध्याकाळी एकटा फिरत नाही.

कुजली होती हे मात्र खरं. बॅटरीच्या ओव्हरफ्लोची नळी कधी तरी निसटली असणार. थेंब थेंब ॲसिड वर्षानुवर्षं चेसीच्या मागच्या पाईपावर पडत राहिलं. वरून रंग झकास, आत पापड. सीट काढून अंगठ्यानं दाबलं तर अंगठा आत गेला. म्हणजे इतकी वर्षं मी, बायको आणि आठवड्याचा बाजार, सगळे त्या रंगाच्या पापुद्र्यावर बसून रंकाळ्यापर्यंत जाऊन येत होतो.

पुण्याच्या भाच्यानं फोनवर फोटो पाठवले. मागं आखूड, सपाट, एकाच माणसापुरती सीट आणि तिच्या शेवटी उंटासारखा उंचवटा. "मामा, अशी कर, भारी दिसेल." दिसेलही. पण मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ असं काही तरी असतं, आणि नोंदणीच्या पुस्तकात जी गाडी लिहिली आहे तिच्यात आपल्या मनानं बदल करायचा नसतो. दुसरं कलम घरात आहे. तिनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "आणि मी कुठं बसायचं, टाकीवर?" त्यामुळं लांबी तीच, रुंदी तीच, बसणारे दोनच. नुसतं कुजलेलं काढायचं आणि तसंच नवं घालायचं. शॉकअपच्या वरच्या बोल्टाच्या पुढं करवत न्यायची नाही, ही शपथ आधीच घेतली होती.

गाडीत काही तरी करायला इथं नवीन कारण लागतच नाही म्हणा. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात ते पाहिलं असेल. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, आणि मालक पुढं मोटरसायकलवर, सायलेन्सर काढलेली. म्हैस त्या आवाजाच्या मागं धावते. दुसऱ्या कुणाच्या गाडीमागं ती जाणार नाही, फक्त आपल्याच. जगात लोक वेगासाठी नाहीतर दिसण्यासाठी गाडीत बदल करतात. आमच्याकडं निदान काही गाड्यांचा आवाज तरी म्हशीला विचारून ठरतो.

आणि नसेल ते घरी करायचं हीसुद्धा गावाची खोडच. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. बाबुराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, तर त्यांनी १९१८च्या सुमाराला आधी कॅमेराच तयार केला. मला तर नुसतं बसायचं होतं.

पाईप आणला २२ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा. मागचा यू आकार वाकवायचा तर आत वाळू ठासून भरावी लागते, नाहीतर वाकताना पाईप चपटतो. वाळू खडखडीत कोरडी हवी. ओल राहिली तर आत वाफ होते आणि लाकडी बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. म्हणून वाळू तव्यावर भाजली. फुटाणेवाला भाजतो तशी, हलवत हलवत. बायको दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी नवा तवा आणला आणि बिल माझ्या खिशात ठेवलं. चार विटांची भट्टी, कोळसे, जुना ब्लोअर. पाईप लालबुंद झाला की लोण्यासारखा वळतो. तेवढा एक क्षण फार सुखाचा असतो. बाकी सगळी कानस.

तर ती पत्रिका कापत असताना मी आडवा पाईप कुठं टाकायचा त्याचं माप शोधत होतो, आणि माळ्यावरचं कॅरियर आठवलं.

वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्याकडं राजदूत मोटरसायकल होती. तिची मागची सीट त्यांनी काढून टाकली होती आणि उद्यमनगरातल्या एका मेस्त्रीकडून चौकोनी सळ्यांचं दणकट कॅरियर करून घेतलं होतं. कारण एकच, गुळाचा रवा, म्हणजे ढेप. तीस किलोचा, बादलीतून पालथा घातल्यासारखा. गोणपाटात गुंडाळून दोरीनं आवळायचा, आणि त्याच्यावर मी. आमच्या गाडीला मागं सीट नव्हतीच, रवा होता. रवा नसेल त्या दिवशी मला न्यायचे नाहीत, सळ्या टोचतात म्हणून.

थंडीत वडणग्याच्या गुऱ्हाळावर जायचो. काहिलीतला रस, चिमणीचा धूर, चिपाडांचा ढीग. परतायला अंधार व्हायचा. रवा वरून घट्ट झालेला असायचा, पण पोटात अजून उष्ण. शिवाजी पुलावर पंचगंगेचा गार वारा अंगावर यायचा, कान बधिर व्हायचे, नाक गळायला लागायचं, आणि बुडाखाली ती ऊब. गोणपाटातून वर येणारी, गोड वासाची. "धर घट्ट," वडील मागं न बघता ओरडायचे. धरायला काय होतं? दोरी. ती धरून मी झोपायचो. पडलो कधीच नाही. चड्डीला मात्र गूळ चिकटायचा, आणि सकाळी प्रार्थनेला उभा राहिलो की मुंग्या. वर्गात माझ्या शेजारी कोण बसायचं नाही याची यादी मोठी होती.

मोठ्या गाड्यांत आता गरम होणाऱ्या सीटा असतात म्हणे. बटण दाबायचं.

पत्रिका तशीच टाकून माळ्यावर चढलो आणि कॅरियर खाली काढलं. राजदूत विकली तेव्हा वडिलांनी ते सोडवून ठेवलं होतं, "लागंल कधी." पुसून पाहिलं. एकही जोड सरळ नव्हता. वेल्डिंग म्हणजे भिंतीवर थापलेल्या शेण्या. सळ्यांमधे बोट जाईल एवढ्या फटी, त्या लोखंडाच्या गोळ्यांनी बुजवलेल्या. उजवी बाजू डावीपेक्षा लांब. त्याच्यावर किती वर्षं, किती रवे गेले असतील. कुठं एक चीर नाही. मी बराच वेळ ते हातात घेऊन बसलो. मग माझ्या तोंड काढलेल्या पाईपाकडं पाहिलं. मग उठून चहा केला.

पुढचं लवकर सांगतो. बॅटरी काढून, वायरिंग सोडवून, घरीच वेल्डिंगचे कच्चे टाके मारले, एक डावीकडं तर एक उजवीकडं असे, ओढ बसू नये म्हणून. मागं बायको बसणार, त्यामुळं पक्कं वेल्डिंग माझ्या हातानं करायचं धाडस नव्हतं. गाडी ढकलत उद्यमनगरात नेली. मेस्त्रीनं जोड बघितले, माझ्याकडं बघितलं.

"कानशीनं केलंसा?"

"होय."

"ग्राइंडर न्हाई व्हय घरात?"

वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढतं, हे मला पुस्तकी माहीत होतं. ओळंबा लावून पाहिलं तर मागचं टोक चार मिलिमीटर डावीकडं गेलेलं. मी चेहरा पाडला. मेस्त्रीनं पाईपात सब्बल घातली, पाय रोवला, एकदा खेचली आणि डोळा बारीक करून म्हणाला, "झालं." मोजलं तर दोन उरले होते. "दोन काय, मागं बसणाऱ्याचा पोटाचा घेरच तेवढा इकडंतिकडं असतोय," म्हणून त्यानं मोजपट्टी माझ्या हातातून काढून घेतली.

सीटखाली अठरा गेजचा पत्रा, पुढं टाकीखाली अडकणारी जीभ, मागं आठचे दोन बोल्ट, मधे जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे. वर फोम आणि काळं रेक्झिन. दिसायला पहिल्यासारखीच. एवढं करून पहिल्यासारखीच, असं काका म्हणालेच.

मागं माणूस बसवायच्या आधी वजन घालून बघायचं ठरवलं. वजन कसलं, हे कुणी विचारू नये. मार्केट यार्डात वडिलांना ओळखणारं दुकानात आता कुणी नाही. रोख पैसे मोजले. हमालानं रवा एका खांद्यावरून अलगद सीटवर ठेवला, दोरी आवळली. स्टेशन रोडवरचे सगळे खड्डे मुद्दाम घेत, बिंदू चौकातून घरी आलो. कुठं कुरकुर नाही. रवा मात्र गार होता.

"हा तीस किलो कोण खाणार?" बायकोनं विचारलं.

त्यावर अजून उत्तर नाही. मुंग्यांना पत्ता सापडलाय. रवा सीटवरच आहे. एकट्यानं उतरवायचा तर माझी कंबर जाईल, दुसरा माणूस पाहिजे, आणि आज परत रविवार आहे. गल्ली झोपली आहे. जागे एकटे काका, आणि त्यांना बोलवायची माझी इच्छा नाही.