शंभर वर्षांत बदललेला घोळ

आज आईला लंडनच्या नॅशनल गॅलरीत नेलं. तीस वर्षं डोंबिवलीत ब्लाउज शिवलेत तिने, त्यामुळे चित्रातही आधी शिलाईच बघते. चित्रकार व्हॅन आयकच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रापुढे ती थबकलीच. त्यातली बाई गरोदर वाटते, पण हिरव्या झग्याचा घोळच एवढा की पोटाशी गोळा करून धरलाय. पट्टा छातीखाली, कडेला फर, बाकी सगळं कापड वरून खाली वाहणारं. चित्रकला नव्या युगाची, कपडे मात्र अजून मध्ययुगातलेच.

मग होल्बाइन या चित्रकाराचं १५३३ चं ‘द अँबॅसडर्स’, दोन पुरुषांचं चित्र. डावीकडच्या माणसाचे खांदे केवढे रुंद! शंभर वर्षांत कपडा उंचीकडून रुंदीकडे वळला. आणि गुलाबी साटीनवर मुद्दाम दिलेल्या चिरा, त्यांतून डोकावणारं आतलं पांढरं कापड.

“अगं, एवढं भारी साटीन कापायचं?” आईचा जीव कळवळला. मग कितीतरी वेळ ती हवेतच बोटाने चिरा मोजत राहिली. त्यांच्या कडा कशा दुमडल्या असतील, हे परतताना ट्रेनमध्येही विचारत होती.