पेन्सिलीचे ठिपके

सोमवार, रात्र

तिची कथा आज वाचून झाली. दोनदा वाचली. वय एकोणीस, पानं अकरा. देताना म्हणाली होती, "ताई, खरं काय ते सांगा. वाईट असेल तर वाईट म्हणा, मला चालेल." असं म्हणणाऱ्याला ते अजिबात चालणार नसतं. मला ठाऊक आहे, कारण याच वयात मीही हेच म्हटलं होतं आणि नंतर घरी जाऊन नळ सोडून रडले होते.

कथा साधी आहे. आजोबांना हळूहळू ऐकू येईनासं होतं आणि सगळं घर मोठ्याने बोलायला लागतं. मोठ्याने बोलता बोलता एकेकाची झाकली मूठ उघडी पडत जाते. चौथ्या पानावर एक वाक्य आहे: 'ओरडून खोटं बोलणं फार अवघड असतं.' तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. एकोणिसाव्या वर्षी मला असं वाक्य सुचलं नसतं. हे कबूल करायला रोजनिशीइतकी सोयीची जागा नाही.

आणि लगेच पुढे: 'खरंच, माणसाच्या जीवनात सत्याला किती महत्त्व आहे!' हे थेट शाळेच्या निबंधातून चालत आलेलं. चांगलं काही लिहून झालं की ती घाबरते आणि त्यावर पांघरूण घालते. अकरा पानांत असं सात वेळा झालंय. लेखनाची कारागिरी वेगळी आणि लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास वेगळा, असं लोक बोलतात. मला तरी ती फाळणी कधी जमली नाही. ते निबंधातलं वाक्य म्हणजेच तिची भीती. ते खोडायला शिकणं आणि भीती जाणं एकाच हालचालीत होईल, झालं तर.

समासात सात ठिपके दिले. बाकी काही लिहिलं नाही.

मंगळवार

ठिपके माझे नाहीत, बाईंचे आहेत.

बाई वाचायला बसल्या की हातात पेन्सिल असायची, लाल पेन कधीच नाही. वाचताना जिथे त्यांचं लक्ष उडायचं तिथे समासात एक बारीक ठिपका. कारण लिहायच्या नाहीत. माझ्या पहिल्या कथेवर एकतीस ठिपके होते. मी विचारलं, "बाई, इथे काय चुकलंय?" त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? मी इथे खिडकीबाहेर पाहिलं, एवढंच. का पाहिलं ते तू शोध."

इतका राग आला होता! पण आठवडाभर शोधत बसले. एका ठिपक्यापाशी दोन विशेषणं एकाच कामाला जुंपलेली सापडली. एका ठिकाणी नवरा बायकोला त्यांच्या लग्नाला किती वर्षं झाली ते सांगत होता, केवळ वाचकाला कळावं म्हणून. एका ठिपक्यापाशी तर काहीच चूक नव्हती. दोन दिवस त्या ओळीकडे बघत राहिले. मग कळलं की चूक चार ओळी आधी होती. लक्ष उडायला तेवढा वेळ लागला होता. हे कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरले असते.

बाईंच्या आधी दोघांना लेखन दाखवलं होतं. एकांनी चार लोकांत माझा एक परिच्छेद साभिनय वाचून खिल्ली उडवली. दुसऱ्यांनी "छान आहे, लिहीत राहा" म्हणून कागद परत केले. टाचणी जिथल्या तिथे होती, पानं उलटलीच नव्हती. नुकसान कुणी जास्त केलं विचाराल तर मी दुसऱ्यांचं नाव घेईन. खिल्लीवर निदान चिडता तरी येतं. त्या 'छान'चं काय करायचं असतं?

बाईंनी पहिल्या दोन वर्षांत मला एकदाही छान म्हटलं नाही. पण माझी एकेक ओळ त्यांनी इतकी जपून वाचली होती की लक्ष कुठे उडालं ते त्यांना नेमकं दाखवता येत होतं. आपलं लिहिलेलं कुणीतरी एवढ्या गांभीर्याने वाचतं म्हटल्यावर ते गांभीर्याने लिहिणं भाग पडलं.

गुरुवार

झोप येईना म्हणून रशियन कथाकार चेकॉव्हची पत्रं काढून बसले.

मार्च १८८६. चेकॉव्ह सव्वीस वर्षांचा, नुकता डॉक्टर झालेला, नियतकालिकांसाठी टोपणनावाने भराभरा विनोदी कथा पाडणारा. त्याला दिमित्री ग्रिगोरोविच या चौसष्ट वर्षांच्या लेखकाचं पत्र येतं. ओळखदेख काही नाही. म्हातारा लिहितो की तुमच्यात खरी प्रतिभा आहे, तिचा मान राखा, घाईचं लिहिणं सोडा, वेळ पडली तर उपाशी राहा. चेकॉव्हचं उत्तर वाचताना अजून माझ्या पोटात गलबलतं. तो कबूल करतो की एका कथेवर एका दिवसाहून जास्त वेळ घालवल्याचं आपल्याला आठवत नाही. स्वतःच्या लिखाणाला आजवर आपण मानच दिला नाही, हेही लिहितो. आजूबाजूला लेखन-बिखन करणारे पुष्कळ होते, पण त्याला लेखक म्हणून गंभीरपणे घेणारं कुणी नव्हतं.

ग्रिगोरोविचच्या कादंबऱ्या आज कोण वाचतं? पण या माणसाची नजर बघा. १८४५ मध्ये त्याच्याच बिऱ्हाडात राहणाऱ्या एका तरुणाने आपली पहिली कादंबरी त्याला वाचून दाखवली. ह्याने हस्तलिखित उचललं आणि कवी नेक्रासोव्हकडे नेलं. दोघांनी रात्रभर जागून ते संपवलं आणि पहाटे चारला लेखकाला जाऊन उठवलं. तो तरुण म्हणजे दोस्तोयेव्हस्की. चाळीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने दोघांना हेरलं. स्वतः थोर लिहिणं आणि दुसऱ्याचं थोरपण ओळखणं ही दोन वेगळी कामं असावीत. दुसरं जमणारे कमी.

पुढे तेरा वर्षांनी, १८९९ मध्ये, चेकॉव्ह स्वतः त्या जागी बसलेला दिसतो. समोर तरुण लेखक गॉर्की. चेकॉव्ह त्याला लिहितो की प्रुफं वाचताना विशेषणं आणि क्रियाविशेषणं जमतील तेवढी काढा. माणूस गवतावर बसला, एवढं लिहिलं की वाचकाला लगेच दिसतं. तोच माणूस उंच, अरुंद छातीचा, तांबूस दाढीचा, आणि गवत हिरवं पण तुडवलेलं, बसणं मुकाट आणि भीतभीत, असं सगळं एका वाक्यात कोंबलं की वाचकाचा मेंदू दमतो. ग्रिगोरोविचचा सल्ला जगण्याविषयी होता, चेकॉव्हचा थेट व्याकरणाविषयी. मला दुसऱ्या जातीचा जवळचा वाटतो. 'प्रतिभेचा मान राखा' हे ऐकून माणूस हुरळतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कागदापाशी बसून करायचं काय? विशेषणं काढायची, हे निदान करता येतं.

(अर्थात हुरळण्याचीही एक वेळ असते. तिच्या 'ओरडून खोटं' या वाक्याखाली मी रेघ ओढायला हवी होती. उद्या ओढते.)

शनिवार

ती येऊन गेली. ठिपक्यांकडे बघून विचारलं, "ताई, ठिपका म्हणजे चांगलं की वाईट?" मी बाईंचं उत्तर दिलं. तिचा चेहरा पडला. मीही असाच पाडला असेन.

मग माझ्याकडून एक आगाऊपणा झाला. सहाव्या पानावर तिचं वाक्य आहे: 'आजोबा मान हलवायचे, आणि आम्हाला वाटायचं की त्यांना कळलं, आणि त्यांना वाटायचं की आम्हाला वाटलं की कळलं, आणि मग सगळेच गप्प बसायचे.' मी म्हटलं, "हे बघ, असं करता येईल." आणि कागदाच्या कडेला लिहिलं: 'आजोबा मान हलवायचे. कळो न कळो.' ती बघतच राहिली. "किती सुंदर!" म्हणाली. मला बरं वाटलं. बरं वाटलं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

बुधवार (मध्ये दहा दिवस काही लिहिलं नाही)

दुसरा खर्डा आला. निबंधातली सातही वाक्यं गेली आहेत. शेवटच्या पानावर तर मी ठिपका दिलाही नव्हता, तरी तिथला उपदेश तिने स्वतःहून काढलाय. इथवर उत्तम.

पण सगळी कथा तुटक झाली आहे. चार-चार शब्दांची वाक्यं. 'दार वाजलं. आई उठली. बोलली नाही.' पानामागून पान असंच. तिच्या मूळ लिहिण्यात एक धावती, धाप लागलेली लय होती. घरातली माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात तशी. ती कुठेच नाही. मी माझंच लिखाण वाचत होते, तेही फिकं पडलेलं.

एका वाक्याने एवढं होतं. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचं तर पुस्तकच गेलं होतं. संपादक गॉर्डन लिशने त्याच्या कथा इतक्या कापल्या की काही निम्म्यासुद्धा उरल्या नाहीत. जुलै १९८० मध्ये कार्व्हरने त्याला पत्र लिहून पुस्तक थांबवण्याची विनवणी केली. पुस्तक निघालंच, १९८१ मध्ये, आणि त्याने कार्व्हरचं नाव झालं. मूळ रूपातल्या कथा छापून यायला २००९ उजाडलं. तोवर कार्व्हरला जाऊन दोन दशकं उलटली होती. कापलेल्या कथा सरस की मूळच्या, यावर लोक अजून भांडतात. मला तो वादच नकोसा वाटतो. सरस असल्या तरी त्या कुणाच्या?

बाईंनी माझं एकही वाक्य कधी लिहून दिलं नाही. मला तो त्यांचा कंजूषपणा वाटायचा.

गुरुवार

तिला फोन केला. म्हटलं, "ते कडेला लिहिलेलं वाक्य माझं होतं, ते खोडून टाक." ती गोंधळली. "पण ते माझ्या वाक्यापेक्षा चांगलं होतं ना, ताई?" मी म्हटलं, "असेल. पण तुझ्या घरातले लोक असं बोलत नाहीत." बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला पण मोठ्याने वाचताना तसंच वाटलं होतं. पण म्हटलं, तुम्हाला जास्त कळतं."

हे 'तुम्हाला जास्त कळतं' ऐकून मात्र माझी झोप उडाली. आता रात्रीचा एक वाजलाय. कवयित्री एमिली डिकिन्सन आठवतेय. एप्रिल १८६२ मध्ये, एकतीस वर्षांची असताना, तिने हिगिन्सन नावाच्या अनोळखी समीक्षकाला चार कविता पाठवून विचारलं, माझ्या कवितेत जीव आहे का? त्याला तिची लय ओबडधोबड वाटली. एवढ्यात छापू नका, म्हणाला. त्यानंतर वीसेक वर्षं ती त्याला पत्रं लिहीत राहिली, स्वतःला त्याची विद्यार्थिनी म्हणवत राहिली, आणि त्याने सुचवलेली एकही दुरुस्ती तिने मनावर घेतल्याचं दिसत नाही. मग तिला तो हवा तरी कशाला होता? मला वाटतं, ऐकून घ्यायला. सल्ला बाजूला ठेवायचा तरी आधी तो कुणीतरी द्यावा लागतो.

बाईंचा एक ठिपका मीही आयुष्यात एकदाच तसाच ठेवला होता. तेव्हा हात थरथरत होता. बाई काही बोलल्या नाहीत, पुढचं पान उलटलं.

रविवार

तिसरा खर्डा. लय परत आली आहे. निबंधाची वाक्यं परत आलेली नाहीत. 'ओरडून खोटं बोलणं फार अवघड असतं' नंतर आता थेट मामाचा आवाज येतो, मधे काही नाही.

सहाव्या पानावर आजोबांचं वाक्य होतं तसं आहे, तिन्ही 'आणि'सकट. तिने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना शेवटी तिचा श्वास संपला, आणि 'गप्प बसायचे' हे शब्द जेमतेम ऐकू आले. मी पेन्सिल घेतली आणि समासात ठिपका दिला, कारण माझं लक्ष तिसऱ्या 'आणि'पाशी खरोखरच उडालं होतं.

तिने ठिपक्याकडे पाहिलं. म्हणाली, "हे राहू दे, ताई."

आणि पुढचं वाचायला लागली.