गुड कोलेस्टेरॉल उत्तम आहे, मग पोटावर बोट का ठेवता?

"मॅडम, एचडीएल ५६ आहे. गुड कोलेस्टेरॉल इतकं छान असताना तुम्ही पोटावरच का बोट ठेवता?" इथे इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठूनही आलेली आपली मराठी मंडळी मला हे सारखं विचारतात. दवाखान्यात तर विचारतातच, गणेशोत्सवातल्या महाप्रसादाच्या रांगेतही विचारतात. विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे, पोट सुटलेले, आणि लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, कागदावर एवढा एकच आकडा मनासारखा सापडलेले. त्यांना त्याचा केवढा आधार वाटतो ते मला दिसतं. पण तो आधार कच्चा आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

या आकड्याला एवढा मान मिळाला तो अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावामुळे. तिथे १९४८ पासून गावकऱ्यांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. एचडीएल जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी होतो, असं तिथल्या नोंदींवरून १९७७ साली छापून आलं आणि पुढे अनेक देशांत तसंच दिसलं. मग सगळ्यांनाच वाटलं, औषधाने एचडीएल वाढवलं की काम झालं. टॉर्सेट्रापिब नावाच्या गोळीने ते ७० टक्क्यांहून जास्त वाढलंही. पण सुमारे १५ हजार रुग्णांवरची ती चाचणी डिसेंबर २००६ मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. त्या गोळीने रक्तदाबही वाढत होता, म्हणून दोष तिच्यावर ढकलता आला असता. पण त्याच जातीच्या डॅल्सेट्रापिबने २०१२ मध्ये एचडीएल वाढवूनही काही साधलं नाही. एचडीएल वाढवणारं दुसरं औषध नायसिन, त्याच्या २५ हजारांवर रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये आला, तोही तसाच: स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी चालू असताना वर नायसिन देऊन हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. २०१२ मध्येच आणखी एक गोष्ट पुढे आली. एका जनुकातल्या फरकामुळे ज्यांचं एचडीएल जन्मापासूनच जास्त असतं, त्यांनाही हार्ट अटॅक कमी येत नाहीत.

आणि याच्या अगदी उलट उदाहरण इटलीत आहे. गार्डा सरोवराकाठच्या लिमोने गावातल्या काही कुटुंबांत एचडीएल इतकं कमी असतं की रिपोर्ट पाहून कुणीही घाबरेल. तरी त्यांच्या रक्तवाहिन्या त्या मानाने चांगल्या असतात. त्यांच्या एचडीएलमधलं मुख्य प्रथिन जरा वेगळं आहे.

म्हणजे रक्तात एचडीएल किती आहे यावरून ते काय करतंय हे कळत नाही. आपण इंदूरवाले आहोत, तेव्हा हे पटकन समजेल: सकाळी कचरा गाड्या किती निघाल्या याची नोंद वेगळी, आणि गल्लीतला कचरा उचलला गेला का ही गोष्ट वेगळी. लिपिड प्रोफाइल फक्त गाड्या मोजतं.

एचडीएलचं काम म्हणजे पेशींतलं जादा कोलेस्टेरॉल उचलून नेणं, आणि हे उचलण्याचं काम प्रयोगशाळेत मोजता येतं. पेशींमध्ये कोलेस्टेरॉल भरायचं, त्यांच्यावर माणसाच्या रक्तातलं एचडीएल सोडायचं, आणि ते किती कोलेस्टेरॉल बाहेर काढतं ते पाहायचं. अमेरिकेत डॅलसमध्ये सुमारे २,९०० लोकांची अशी तपासणी करून नऊ वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला. ज्यांचं एचडीएल हे काम सर्वांत चांगलं करत होतं, त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका तळच्या गटाच्या मानाने ६७ टक्के कमी होता. नुसत्या एचडीएलच्या आकड्याचा मात्र, बाकीच्या गोष्टी जमेस धरल्यावर, धोक्याशी संबंध उरला नाही. दुर्दैवाने ही तपासणी आपल्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही. म्हणूनच मला तुमच्या पोटाकडे बघावं लागतं.

पोटाचा आणि एचडीएलचा संबंध काय, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि त्याने रक्तवाहिनी सैल होते, रुंदावते. अस्तरातून असं काहीतरी निघतं हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. पुढे ते नायट्रिक ऑक्साइडच असल्याचं सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. निरोगी एचडीएल या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला प्रवृत्त करतं. शिवाय एलडीएल, म्हणजे बॅड कोलेस्टेरॉल, आणखी खराब होऊ नये म्हणून एचडीएलसोबत पॅराऑक्सोनेज नावाचं एन्झाइम फिरत असतं. कोलेस्टेरॉल वाहून नेण्याइतकंच हे कामही मोलाचं आहे, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता पोट वाढलं की काय होतं ते बघा. आतड्यांभोवती साठलेली चरबी गप्प बसत नाही. तिच्यात सूज आणणाऱ्या पेशी जमतात, आणि तिथून सुटलेली फॅटी ॲसिड यकृतात पोचतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, करून कणांमध्ये भरून रक्तात सोडतं. रक्तात एक प्रथिन अदलाबदलीचं काम करतं: एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल त्या कणांमध्ये, त्या कणांतले ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये. यकृतातलं एक एन्झाइम असं ट्रायग्लिसराइडने भरलेलं एचडीएल फोडतं, एचडीएलचे लहान कण होतात आणि शरीर ते लवकर काढून टाकतं. लठ्ठपणात एचडीएल कमी दिसतं ते बहुतांशी यामुळे. जे उरतं त्याचीही सुजेमुळे घडण बदलते: सीरम अमायलॉइड ए नावाचं सुजेतलं प्रथिन त्यात शिरतं, मूळ प्रथिनाला बाजूला सारतं, पॅराऑक्सोनेजचा जोर कमी पडतो. मधुमेह असलेल्यांचं एचडीएल अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड बनवून घेण्यात कमी पडतं, हे २०१० मध्येच दाखवलं गेलं आहे.

रक्तवाहिनीचा हा प्रतिसाद बाहेरून बघता येतो. बीपी मोजतात तसाच पट्टा हाताला बांधतात, पाच मिनिटं घट्ट फुगवून ठेवतात आणि मग सोडतात. रक्त जोरात धावतं. सोनोग्राफीत दंडातली रोहिणी काही टक्क्यांनी रुंदावताना दिसते. अस्तर थकलेलं असेल तर ती जेमतेम हलते. लठ्ठ माणसांत हे रुंदावणं कमी आढळतं, आणि तेही छातीत काही दुखायच्या कितीतरी आधी. ही तपासणी संशोधनासाठीच करतात, त्यामुळे दवाखान्यात तिचा आग्रह धरू नका.

मागच्या हिवाळ्यात एक काकू आल्या होत्या. एचडीएल ५६, म्हणून निर्धास्त. मी त्याच कागदावरचे बाकीचे आकडे वाचले. टोटल कोलेस्टेरॉल २१८. ट्रायग्लिसराइड २१०. उपाशीपोटी साखर ११४. बीपी मी स्वतः घेतलं, १४२/९०. कंबर ९६ सेंटिमीटर. टोटलमधून एचडीएल वजा केलं की १६२ उरतात, आणि हे १६२ सगळे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या कणांमधले. हा आकडा साधारण १३० च्या आत हवा, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर त्याहून बराच खाली. काकूंच्या कागदावर पाच गोष्टी एका बाजूला होत्या आणि ५६ एकटा दुसऱ्या बाजूला. मी पाचांचं ऐकलं. तुमच्या बाबतीतही तेच करणार.

चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचं एचडीएल इस्ट्रोजेनमुळे जास्त असू शकतं. रोज दारू पिणाऱ्यांचंही जास्त असतं, आणि असा रिपोर्ट हातात घेऊन खूश झालेला माणूस मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकतो. फार जास्त, म्हणजे शंभराच्या वर गेलेलं एचडीएल तर स्वतःच शुभ मानू नये असं डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं आहे. दुसरीकडे आपल्या देशात बहुतेकांचा प्रश्न कमी एचडीएलचाच असतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात, ज्यात महाराष्ट्रही होता, ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं. तेव्हा ५६ पाहून आनंद होणं मी समजू शकते.

कंबर मोजण्याविषयी थोडं सांगायलाच हवं. पुरुष मला पँटचा नंबर सांगतात: "छत्तीस, मॅडम, कॉलेजपासून तोच." पँट पोटाच्या खाली सरकलेली असते, म्हणून नंबर तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. छत्तीसवाल्यांची टेप बऱ्याचदा १०० च्या पुढे जाते. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. आपल्या लोकांत पोटातली चरबी लवकर साठते, म्हणून ती युरोपीय लोकांपेक्षा कमी ठरवली आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, त्याचंही तसंच: २३ पासून सावध, २५ पासून लठ्ठपणा.

मग खायचं काय, असं विचारलंत तर सिडनीतला २००६ चा एक छोटा प्रयोग सांगावासा वाटतो. १४ जणांना गाजराचा केक आणि मिल्कशेक दिला, एकदा खोबरेल तेल घालून आणि एकदा करडईचं तेल घालून. खोबरेलच्या जेवणानंतर सहा तासांनी त्यांच्या एचडीएलची सूज आवरण्याची ताकद घटली होती, करडईच्या जेवणानंतर वाढली होती. १४ माणसांवरून मी कुणाच्या घरातलं तूप बंद करणार नाही. पण एका जेवणाने एवढा फरक पडत असेल, तर सकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जिलबी, चहासोबत वाटीभर शेव आणि रात्री अकराला सराफ्याच्या खाऊबाजारात गरम जिलबी-रबडी, असं ज्यांचं रोजचं चालतं, त्यांच्या रक्तवाहिन्यांना उसंत कधी मिळते? पोहे खा, जरूर खा. उसळ घालून खा. शेव आणि जिलबी रविवारी ठेवा आणि सराफा पाहुणे आले की ठेवा. मी याच शहरात वाढले, सराफा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही.

चालणं मी सगळ्यांना सांगते, आणि इथेच माणसं निराश होतात, कारण तीन महिने चालूनही एचडीएल दोन-तीन अंकांनीच हलतं. त्यासाठी चालणं सोडू नका. नेमाने व्यायाम करणाऱ्यांत रक्तवाहिनीचा तो रुंदावण्याचा प्रतिसाद सुधारतो. ट्रायग्लिसराइड आणि बीपी उतरतात, ते तर तुम्हाला कागदावरही दिसेल. एचडीएलची बिघडलेली घडणही परत सुधारते. झ्यूरिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये लठ्ठपणाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचं एचडीएल तपासलं, तेव्हा १२ आठवड्यांतच ते अस्तराचं रक्षण पुन्हा चांगलं करू लागलं होतं. शस्त्रक्रिया सगळ्यांना लागत नाही. बहुतेकांना मी आधी वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरवायला सांगते. ८४ किलोच्या माणसाला चार ते आठ किलो.

ते उतरवताना एक लक्षात ठेवा. वजन भराभर कमी होत असतं त्या काळात एचडीएल थोडं खाली येऊ शकतं. चालणारे, शेव सोडलेले लोक असा रिपोर्ट घेऊन येतात आणि म्हणतात, "बघा, गुड कोलेस्टेरॉलही गेलं." ते गेलेलं नसतं. वजन स्थिरावलं की आकडा वर येतो, बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा वर. म्हणून मधल्या काळात दर महिन्याला लिपिड प्रोफाइल करू नका. वजन दोनेक महिने एका जागी राहू द्या, मग रक्त द्या, आणि येताना टेपने मोजलेली कंबरही लिहून आणा.