कऱ्हाड ते हरिपूर: नदीकाठी अभ्यासकेंद्राला जागा बघताना

कृष्णेवर शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी पाण्याचं एक छोटं अभ्यासकेंद्र काढायचं आमच्या मंडळींच्या डोक्यात आहे. म्हणून फेब्रुवारीत जागा बघत कऱ्हाडपासून हरिपूरपर्यंत आलो.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम बघायला देखणा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि वळून एकत्र पुढं जातात. पण घाटावर माणसांची वर्दळ फार, त्यामुळं आम्ही तिथं रेंगाळलो नाही.

औदुंबर-भिलवडीचा पट्टा मात्र निवांत बघा. दत्तदर्शन होतं, नावेतून पलीकडं जाता येतं आणि थंडीत सकाळी ऊन खात पडलेली मगरही दिसू शकते. हा पट्टा मगरींचाच आहे, हे विसरून चालणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिथून हलत नाही. पोरं सोबत असतील तर पाण्यात पाय नाही म्हणजे नाही. पाण्याचा नमुना पुलावरून, दोरीला बादली बांधून घ्यायचा. आज मगर कुठं दिसली, हे मोटार चालू करायला आलेल्या शेतकऱ्याला विचारा, त्याला नक्की ठाऊक असतं. कासव-बिसव हाताळायचा विचार असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

आमच्या मनात भरलं ते हरिपूर. सांगली स्टँडपासून रिक्षानं जवळ. संगमेश्वराच्या देवळाखाली वारणा कृष्णेला मिळते. एका जागी दोन नद्या आणि त्यांचं मिसळलेलं पाणी असे तीन नमुने मिळतात. मिसळलेल्या पाण्याचा नमुना संगमाला लागूनच घेऊ नका. तिथं दोन्ही प्रवाह शेजारी-शेजारी वाहत असतात, थोडं खाली जा.

पण इथं इमारत बांधायचा मोह नको. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. हरिपुरात जमिनीखाली हळद साठवायची पेवं असायची. २००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी निकामी केली. अमेरिकेत इलिनॉय नदीवर हवाना गावी जीवशास्त्रज्ञ स्टीफन फोर्ब्ज यांनी १८९४ साली असं केंद्र काढलं, तेव्हा काही काळ प्रयोगशाळा नावेवरच होती. आपल्या पुराच्या ओढीत ते जमायचं नाही. त्यापेक्षा सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत मावू द्या आणि ट्रंक गावातल्या उंचावरच्या घरी ठेवा.

ट्रंकेत थर्मामीटर, पीएच पट्ट्या, पाणी किती गढूळ ते बघायची काळी-पांढरी सेकी तबकडी, बारीक जाळी, भिंग आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं विंकलर किट एवढं पुरे. विंकलरची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची आणि पहिली दोन रसायनं काठावरच घालायची. घरी नेऊन घातली तर आकड्याला काही अर्थ उरत नाही. ऑक्सिजन असला तर तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. पोरांना आकड्यांपेक्षा हे लगेच कळतं. साका पांढरा दिसला तर त्या पाण्यात मासा जगणार नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. आणखी एक, रात्री शेवाळ आणि पाणवनस्पती फक्त ऑक्सिजन खातात, त्यामुळं पहाटे तो सगळ्यात कमी असतो, दुपारी चढतो. एकदा सकाळी सात आणि एकदा दुपारी तीन असं मोजलंत तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. महागडं मीटर नसलं तरी चालेल, पण वेळ आणि जागा बदलू नका. जे केंद्र पाच वर्षं हे पाळेल त्याच्या वहीला किंमत.

वहीत शेवटचा रकाना बंधाऱ्याचा ठेवा: बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेत की काढलेत, कोयना धरणातून पाणी सोडलंय का. उन्हाळ्यात पातळी पावसावर नाही, या दोन गोष्टींवर हलते. घाटावरच्या नावाड्याला विचारलं तर तो चहाच्या एका कपात दोन्ही सांगतो.